प्रोग्रॅमिंग भाषांची लोकप्रियता नक्की मोजतात कशी? प्रत्येक तक्त्यात पहिला नंबर वेगळाच

अर्धविराम:

नमस्कार मंडळी,

आमच्या टीममध्ये एक वाद चालू आहे आणि तो काही केल्या मिटत नाहीये. एक नवीन सिस्टीम लिहायला घ्यायची आहे, ऑफिसच्या आतल्या वापरासाठीच, पण एकदा लिहिली की निदान दहा वर्षं तरी ती आम्हालाच सांभाळायची आहे, त्यामुळे भाषा कुठली घ्यायची यावर बोलणं सुरू झालं आणि बघता बघता प्रत्येकजण आपापला तक्ता घेऊन आला. एकाने टायोबी इंडेक्स उघडला, त्यात पायथन पहिला, आणि दुसऱ्या नंबरपेक्षा कितीतरी पुढे. दुसरा म्हणाला टायोबी सोडा, गिटहबचा, म्हणजे लोक जिथे आपला कोड ठेवतात त्या साइटचा, ऑक्टोव्हर्स रिपोर्ट बघा, तिथे २०२५ च्या ऑगस्टमध्ये टाइपस्क्रिप्ट पहिल्या नंबरावर आलंय. तिसऱ्याने स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरच्या प्रश्नोत्तरांच्या साइटचा सर्व्हे काढला, तिथे वर्षानुवर्षं जावास्क्रिप्ट वर आहे. आणि आयट्रिपलई स्पेक्ट्रम या मासिकाच्या यादीत फक्त नोकऱ्यांचा क्रम लावला तर २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी डेटाबेसमधून माहिती काढायचं एसक्यूएल पहिलं होतं, जे बाकीच्यांच्या मते 'भाषा' म्हणून धरायचं की नाही इथूनच भांडण.

आता चारही खोटं बोलत असतील असं नाही ना. मग ही मंडळी मोजतात तरी काय? यातलं एखादं दुसऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचं आहे का? आणि माझ्या डोक्यात असंही आहे की सरळ गिटहबवरच्या सार्वजनिक रिपॉझिटरी, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडचे साठे, घ्याव्यात, एक स्क्रिप्ट लिहावी, प्रत्येक भाषेच्या फाइल मोजाव्यात आणि आपला आपण तक्ता काढावा, कोणाच्या फॉर्म्युल्यावर अवलंबूनच राहायला नको. हे शहाणपणाचं आहे का? ज्यांनी असं काही केलंय किंवा यात खोलात गेलेत त्यांनी जरा सविस्तर लिहा, वाचायची तयारी आहे.


कळफलक:

टायोबीपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त शेअर होतो तोच आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याच्याबद्दलच आहेत.

नेदरलँड्समधली कंपनी आहे, २००१ पासून हा इंडेक्स काढतायत, दर महिन्याला. पद्धत अगदी साधी आहे. भाषेचं नाव आणि त्याला जोडून प्रोग्रॅमिंग हा इंग्रजी शब्द, दोन्ही एकत्र अवतरणचिन्हात घालून पंचवीसेक सर्च इंजिनांना आणि मोठ्या साइट्सना विचारायचं आणि ते इंजिन 'अंदाजे इतके निकाल' म्हणून जो आकडा सांगतं तो उचलायचा. मग सगळ्या भाषांची बेरीज करून प्रत्येकीचा वाटा टक्क्यांत. म्हणजे इथे प्रोग्रामर मोजलेले नाहीत, कोड मोजलेला नाही, वेबवरची पानं मोजली आहेत, आणि तीही स्वतः मोजलेली नाहीत, सर्च इंजिनने दिलेला अंदाज घेतलाय. ते स्वतःही स्पष्ट लिहितात की ही यादी सर्वात चांगल्या भाषेची नाही आणि सर्वात जास्त ओळी कशात लिहिल्या गेल्या याचीही नाही, पण ते वाक्य तक्ता शेअर करताना कोणी सोबत घेत नाही.

यातून काय काय होतं बघा. २००४ च्या एप्रिलमध्ये जावाचा आकडा एकदम कोसळला. जगातल्या जावावाल्यांनी त्या महिन्यात राजीनामे दिले नव्हते, गूगलने आपल्या शोधातून जबरदस्तीने वर ढकललेल्या साइट्स साफ केल्या होत्या आणि त्यात जावा आणि सी प्लस प्लसची पानं मोठ्या प्रमाणात गेली. त्यानंतर टायोबीने आणखी सर्च इंजिनं जोडली, जेणेकरून एकाच्या बदलाने तक्ता हलू नये. हलायचा तो हलतोच, फक्त कमी.

नावांचा घोळ वेगळा. गो, सी, आर, डी अशी नावं असलेल्या भाषा शब्दाने शोधायच्या म्हणजे काय मिळेल याचा विचार करा. 'सी प्रोग्रॅमिंग' शोधलं तर 'ऑब्जेक्टिव्ह सी प्रोग्रॅमिंग' असलेलं पानही त्यातच येतं. म्हणून ते पहिली शंभर पानं तपासून एक विश्वास गुणक लावतात, यातली किती खरंच त्या भाषेबद्दल आहेत तो. आता एकूण निकाल लाखोंत असताना पहिल्या शंभरावरून काढलेला गुणक सगळ्यांना लावायचा, हे मला तरी पटत नाही, पण दुसरं काय करता येईल हेही मला दिसत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पान जुनं झालं म्हणून निघून जात नाही. २००६ साली कोणीतरी लिहिलेलं ट्यूटोरियल आजही मोजलं जातंय. त्यामुळे ज्या भाषांवर पूर्वी भरपूर लिहिलं गेलं त्या हळूहळू खाली येतात आणि नव्या भाषा हळूहळू वर चढतात, प्रत्यक्षात बदल कधीच होऊन गेलेला असतो. पायथन टायोबीत पहिला आला ऑक्टोबर २०२१ मध्ये, आणि पीवायपीएल नावाचा दुसरा इंडेक्स, जो गूगल ट्रेंड्समधून लोक कुठल्या भाषेचं ट्यूटोरियल शोधतायत ते बघतो, तिथे तो २०१८ लाच जावाच्या पुढे गेला होता. भाषा तीच, पण एकजण साठलेली पानं मोजतोय आणि दुसरा शिकायला येणारी माणसं मोजतोय.

बाकी तुमच्या गिटहबच्या कल्पनेवर भिंगरीताई जास्त नीट सांगतील, त्यांनी त्यात बरंच काम केलंय.


भिंगरी:

कळफलक, नाव घेतलंत म्हणून लिहिते 🙂

अर्धविराम, फाइल मोजायची कल्पना करू नका असं मी म्हणणार नाही, करून बघा, शिकायला खूप मिळतं, पण जो आकडा येईल त्याला लोकप्रियता म्हणू नका.

पहिली गोष्ट, फाइल कुठल्या भाषेची हे ठरवायचं कसं? एक्स्टेंशन, म्हणजे फाइलच्या नावातल्या टिंबानंतरची अक्षरं, बघून, असं सगळ्यांना वाटतं. डॉट एच फाइल सीची असते, सी प्लस प्लसची असते, ऑब्जेक्टिव्ह सीची पण असते. डॉट एम म्हणजे मॅटलॅब किंवा ऑब्जेक्टिव्ह सी. डॉट पीएल म्हणजे पर्ल किंवा प्रोलॉग. गिटहब यासाठी लिंग्विस्ट नावाची स्वतःची लायब्ररी वापरतं, तिचा कोड उघडा आहे, जरूर वाचा. आधी फाइलचं नाव आणि एक्स्टेंशन, मग आतल्या मजकुरावर काही नियम, तरी नाही ठरलं तर सांख्यिकी पद्धतीने अंदाज. आणि रिपॉझिटरीच्या पानावर जी रंगीत पट्टी दिसते ती बाइट्सवर काढलेली असते, म्हणजे ज्या भाषेत एकच गोष्ट लिहायला जास्त अक्षरं लागतात ती आपोआप मोठी दिसते.

त्या पट्टीत आणखी काय काय लपलंय बघा. लिंग्विस्टमध्ये एसक्यूएलचा प्रकार 'डेटा' असा नोंदवलाय, त्यामुळे नुसत्या एसक्यूएल फाइल त्या पट्टीत डीफॉल्टने मोजल्याच जात नाहीत. म्हणजे तुमच्याकडे एकीकडे नोकऱ्यांत पहिला नंबर असलेलं एसक्यूएल आणि दुसरीकडे गिटहबच्या पट्टीत ते जवळपास गायब, हे कोड्यासारखं वाटतं पण कारण एका कॉन्फिग फाइलमधली एक ओळ आहे. तसंच ज्युपिटर नोटबुक ही स्वतंत्र भाषा म्हणून धरली जाते. आत सगळा पायथन असला तरी, आणि त्यात आलेखांची चित्रं मजकूर बनून साठवलेली असतात त्यामुळे बाइट्स भरमसाठ, म्हणून डेटा सायन्सचं काम असलेली रिपॉझिटरी बऱ्याचदा पायथनच्या खात्यात न जाता नोटबुकच्या खात्यात जाते.

आता एक खरा किस्सा, मला वाटतं तुमच्या टीमला हाच वाचून दाखवा. २०१४ मध्ये एक शोधनिबंध आला होता, गिटहबवरचे ७२९ प्रोजेक्ट आणि १७ भाषा घेऊन, कुठल्या भाषेत बग जास्त येतात यावर. खूप गाजला, खूप ठिकाणी वापरला गेला. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने तोच डेटा घेऊन पुन्हा सगळं करून बघितलं. तर त्यात टाइपस्क्रिप्टचे काही कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) टाइपस्क्रिप्ट जन्माला यायच्या आधीचे निघाले! टाइपस्क्रिप्ट जाहीर झालं ऑक्टोबर २०१२ मध्ये आणि कमिट त्याच्या कितीतरी आधीचे. कारण काय तर डॉट टीएस हेच एक्स्टेंशन क्यूटी फ्रेमवर्कमध्ये भाषांतराच्या फाइलना वापरतात, आत साधं एक्सएमएल असतं, आणि त्या सगळ्या टाइपस्क्रिप्ट म्हणून मोजल्या गेल्या होत्या. टाइपस्क्रिप्ट असं लेबल लावलेल्या ४१ प्रोजेक्टपैकी खरं टाइपस्क्रिप्ट फक्त १६ मध्ये होतं. सी प्लस प्लसच्या बाबतीत उलटं झालं, डॉट सीसी सारखी काही एक्स्टेंशन धरायचीच राहिली होती, त्यामुळे वी८ हे क्रोममधलं जावास्क्रिप्ट इंजिन, जे सी प्लस प्लसमध्ये लिहिलंय, ते जावास्क्रिप्टच्या खात्यात दिसत होतं, कारण त्याच्या टेस्ट जावास्क्रिप्टमध्ये आहेत.

हे नवशिक्यांचं काम नव्हतं, जाणकार संशोधकांचं होतं. म्हणून म्हणते की स्क्रिप्ट लिहिणं दोन तासांचं काम आहे पण मोजलेलं बरोबर आहे का हे तपासण्यात महिने जातात.

दुसरं म्हणजे डुप्लिकेट. २०१७ मध्ये एका अभ्यासात जावा, सी प्लस प्लस, पायथन आणि जावास्क्रिप्ट या चार भाषांचे ४५ लाख प्रोजेक्ट घेतले, तेही फोर्क, म्हणजे दुसऱ्याच्या प्रोजेक्टच्या प्रती, वगळून. फाइल निघाल्या सुमारे ४२.८ कोटी आणि त्यात एकमेकींपेक्षा वेगळ्या अशा फक्त साडेआठ कोटी. जावास्क्रिप्टमध्ये तर वेगळ्या फाइल जेमतेम ६ टक्के. लोक नोड मॉड्यूल्सचा, म्हणजे बाहेरून उतरवलेल्या लायब्ररींचा, अख्खा फोल्डर कमिट करून टाकतात, दुसरं काय. तुम्ही फाइल मोजल्या तर जावास्क्रिप्ट किती लोक लिहितात हे कळणार नाही, किती लोक तो फोल्डर वगळायला विसरतात ते कळेल.


बॅच_जॉब:

वरचं सगळं वाचलं, छान लिहिलंय दोघांनी. पण सगळी चर्चा जे दिसतं त्याच्यावर चाललीय. मी आयुष्यभर जे काम केलं ते यातल्या एकाही तक्त्यात नीट दिसणार नाही म्हणून लिहितो.

मी मेनफ्रेमवरचा (बँकांसारख्या संस्थांचे मोठे कॉम्प्युटर) माणूस, भाषा कोबोल. भाषा १९५९-६० मधली. रात्री बॅच लागते, लाखो व्यवहार जुळवले जातात, पहाटे संपते, सकाळी लोक पैसे काढतात. हा कोड गिटहबवर नाही, कधी येणारही नाही, संस्थेच्या आत बंद असतो. यावरचे प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लोवर क्वचितच कोणी विचारतं, कारण प्रश्न त्या संस्थेच्या फाइल लेआउटचा असतो आणि उत्तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला माहीत असतं, नाहीतर जाडजूड मॅन्युअलमध्ये असतं. ट्यूटोरियल शोधणारा क्वचितच. मग टायोबीत खाली कुठेतरी, रेडमंक नावाच्या संस्थेच्या क्रमवारीत पहिल्या वीसात नाही, सर्व्हेत शून्याच्या जवळ. आणि २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या गव्हर्नरना पत्रकार परिषदेत सांगावं लागलं की कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत, कारण बेरोजगार भत्त्याचे अर्ज एकदम वाढले आणि जुनी सिस्टीम ताणली गेली. त्या दिवशी जगाला कळलं की हे अजून चालू आहे. चालू तर ते रोजच होतं.

कोबोल एकटं नाही. सॅपची अबाप घ्या, ओरॅकलचं पीएल एसक्यूएल घ्या, कारखान्यातल्या मशिनींचे लॅडर लॉजिक घ्या. आणि एक्सेल! जगात जितका हिशोब एक्सेलच्या फॉर्म्युल्यांत चालतो तितका कशात चालत असेल मला सांगा, आणि तो लिहिणारा माणूस स्वतःला प्रोग्रामर म्हणतच नाही त्यामुळे कुठल्याही सर्व्हेत तो येणार नाही.

उघड्या कोडचंही तेच. लिनक्स कर्नल गिटहबवर दिसतं पण ती नुसती प्रत आहे, तिथे पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) टाकली तर कोणी बघत नाही, पॅच मेलिंग लिस्टवर जातात. एसक्यूलाइट तर आणखी पुढचं, सीमध्ये लिहिलेला डेटाबेस, अब्जावधी उपकरणांत बसलेला, जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये, आणि लिहिणारी मूठभर माणसं, बाहेरच्यांचा कोड ते घेत नाहीत, आणि सोर्स गिटमध्ये नाही तर फॉसिल नावाच्या त्यांच्या स्वतःच्या सिस्टीममध्ये. आता पुल रिक्वेस्ट मोजणाऱ्याला यातून सी भाषेबद्दल काय कळणार?

हॉलच्या दाराशी उभं राहून आवाजावरून आत किती माणसं बसलीत ते सांगण्यासारखं हे आहे. जे बोलतायत ते मोजले, जे मान खाली घालून काम करतायत ते राहिले.


काजवा:

+१ बॅच जॉब काका, फार महत्त्वाचा मुद्दा.

सर्व्हेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं लिहितो. स्टॅक ओव्हरफ्लोचा सर्व्हे २०११ पासून चालू आहे, उत्तरं देणारे एका वर्षी नव्वद हजारांच्या आसपास होते (२०२३), २०२४ ला पासष्ट हजार झाले, म्हणजे आकडा मोठा आहे पण मोठा म्हणजे प्रातिनिधिक असं नाही, कारण जो त्या साइटवर येतो आणि ज्याला वीस मिनिटं बसून फॉर्म भरायचा उत्साह आहे तोच त्यात येतो.

आणि रस्टचं उदाहरण नीट बघा, कारण यावर लोक फार घसरतात. २०१६ पासून दरवर्षी रस्ट 'सर्वात आवडती' भाषा ठरतेय (आता त्या रकान्याचं नाव बदललंय पण गणित साधारण तेच). २०२४ ला तो आकडा ८३ टक्के होता. बातमी काय होते, ८३ टक्के डेव्हलपरना रस्ट आवडते. तसं ते नाहीये! रस्ट वापरणारेच मुळात १३ टक्क्यांच्या आसपास होते आणि त्या वापरणाऱ्यांपैकी ८३ टक्के म्हणाले की पुढेही वापरायला आवडेल. भाजक वेगळा आहे. शिवाय रस्ट कोणी सक्तीने वापरत नाही, आपल्या आवडीनेच तिकडे गेलेली माणसं असतात, त्यांना ती आवडणारच. जावास्क्रिप्ट मात्र ब्राउझरसाठी लिहायचं तर टाळता येत नाही, मग त्यात नावडणारेही भरपूर असणार. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

जेटब्रेन्सचा सर्व्हे आहे तो निदान स्वतःच्या ग्राहकांकडे कल जाऊ नये म्हणून वजनं लावून आकडे दुरुस्त करतो, तेवढं बरं.


अर्धविराम:

बापरे, इतकं सविस्तर येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. टाइपस्क्रिप्ट जन्मायच्या आधीच्या कमिटचा किस्सा आजच टीममध्ये सांगितला, एकदम शांतता पसरली 😀

पण आता माझी उलटी अडचण झालीय. सगळंच चुकीचं मोजतात तर मग लोकप्रियता बघायचीच नाही का? कारण आम्हाला ती खरंच हवी आहे, दहा वर्षांनी ही सिस्टीम सांभाळायला माणूस मिळेल का हा प्रश्न खोटा नाहीये. आणि डाउनलोडचे आकडे कसे, म्हणजे एनपीएम (जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजेसचं भांडार) किंवा पायथनच्या पॅकेजचे? ते तर प्रत्यक्ष वापरच झाला ना?


काजवा:

डाउनलोडवर फार जाऊ नका. प्रत्येक कमिटनंतर आपोआप बिल्ड होतो तेव्हा सर्व्हर तीच पॅकेजेस पुन्हा पुन्हा उतरवतो, माणूस एक आणि डाउनलोड शेकड्याने. कॅश लावला, म्हणजे एकदा उतरवलेलं जवळच ठेवलं, की तेच आकडे एकदम खाली. आणि लोकांना माहीतही नसतं की आपण काय वापरतोय, २०१६ मध्ये लेफ्टपॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज काढून टाकलं तर जगभरातले बिल्ड मोडले आणि बहुतेकांनी ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. एखादं मोठं पॅकेज ज्याच्यावर अवलंबून आहे ते सगळं 'लोकप्रिय' होऊन बसतं.


कळफलक:

मी टायोबीबद्दल इतकं लिहिलं पण 'सगळंच चुकीचं' हे मात्र मी म्हणणार नाही, ते टोकाचं झालं. प्रत्येक तक्ता काहीतरी बरोबरच मोजतोय, चूक होते ती त्याच्यावर 'लोकप्रियता' अशी एकच पाटी लावल्यावर. शिकणारे किती येतायत हे बघायचं तर ट्यूटोरियलचे शोध बरे. उघड्या कोडमध्ये आत्ता हालचाल कुठे आहे ते बघायचं तर गिटहब बरं, फक्त ऑक्टोव्हर्स काय मोजतो ते बघून, तिथला तो पहिला नंबर महिन्याला किती जणांनी योगदान दिलं यावरचा आहे, कोडच्या ओळींवरचा नाही. रेडमंकवाले मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतात, वर्षातून दोनदा काढतात, एका अक्षावर गिटहब आणि दुसऱ्यावर स्टॅक ओव्हरफ्लो, आणि स्वतःच सांगतात की एका जागेच्या फरकाला अर्थ देऊ नका, पहिल्या दहातली भाषा आणि तिसाव्या जागेवरची भाषा हा फरक खरा, पाचवी की सहावी हा नाही.

त्यांची मोठी अडचण आता अशी झालीय की तो एक अक्षच खचत चाललाय. चॅटजीपीटी आलं २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आणि त्यानंतर स्टॅक ओव्हरफ्लोवर नवीन प्रश्न पडायचे भराभर कमी झाले, लोक एआयलाच विचारतात आणि ते संभाषण बाहेर कोणालाच दिसत नाही. म्हणजे पूर्वी अडलेला माणूस निदान एक सार्वजनिक खूण मागे ठेवायचा, आता तीही नाही. मला वाटतं पुढच्या काही वर्षांत हे सगळे इंडेक्स आणखी आंधळे होणार आहेत, आणि हे मला खरंच काळजीचं वाटतं कारण अभ्यासक्रम काय ठेवायचा, कुठल्या भाषेची टूल्स बनवायची, हे लोक याच्यावरून ठरवतात.

अजून एक, टक्के बघताना लक्षात ठेवा की तो वाटा आहे. २०२५ मध्ये टायोबीत पायथन २५ टक्क्यांच्या वर गेला, म्हणजे बाकीच्यांचा वाटा कमी होणारच, पण वाटा कमी झाला म्हणजे ती भाषा लिहिणारी माणसं कमी झाली असं नाही. एकूण प्रोग्रामरच वाढले असतील तर वाटा घटूनही माणसं वाढलेली असू शकतात.


भिंगरी:

अर्धविराम, तुमचा प्रश्न वाचून मला वाटतं तुम्हाला जगातली लोकप्रियता नकोच आहे. तुम्हाला तीन वेगळ्या गोष्टी हव्या आहेत, एक म्हणजे आम्हाला जी कामं करायची आहेत त्याच्या लायब्ररी या भाषेत आहेत का आणि त्या जिवंत आहेत का, दुसरं म्हणजे माणसं मिळतील का, आणि तिसरं म्हणजे ही भाषा बंद पडणार नाही ना. यातलं तिसरं सगळ्यात सोपं, पहिल्या वीसात असलेली भाषा दहा वर्षांत मरत नाही, बॅच जॉब काकांचं कोबोल साठ वर्षांनंतरही बसलंय. तिथे तक्ते बघा आणि पुढे जा, पाच मिनिटांचं काम.

पहिल्यावर मात्र वेळ घालवा. मेयेरोविच आणि रॅबकिन यांचा २०१३ चा एक अभ्यास आहे, माणसं भाषा का निवडतात यावर, त्यात असं दिसलं की भाषेच्या स्वतःच्या गुणांपेक्षा लायब्ररी, आधीचा कोड आणि टीमला आधीपासून काय येतं याचं वजन जास्त असतं. म्हणून कागद घ्या, तुमच्या सिस्टीमला काय काय लागणार ते लिहा, पीडीएफ बनवणं, लॉगिन, जुन्या डेटाबेसला जोडणं, जे असेल ते. मग दोन-तीन भाषा घेऊन प्रत्येक गोष्टीसाठी कुठली लायब्ररी वापराल ते नावानिशी शोधा. तिची शेवटची आवृत्ती कधी आली, आलेल्या बगना उत्तर मिळतं का, सांभाळणारा एकच माणूस आहे की चार-पाच आहेत. तुमची स्क्रिप्ट लिहायची हौस इथे भागवा, या वीसेक रिपॉझिटरींवर चालवा, पंचेचाळीस लाखांवर नको. इथे आकडा चुकला तर डोळ्यांनी तपासता येतो, मोठा फायदा तो आहे.


बॅच_जॉब:

माणसं मिळण्याबद्दल माझं मत सांगतो. नोकरीच्या जाहिराती मोजल्या तर भाषेला मागणी किती ते कळतं, माणसं किती आहेत ते नाही. कोबोलच्या जाहिराती कमी आणि माणसं त्याहून कमी. जाहिरातीत पण एकेक जण आठ भाषा लिहून ठेवतो, त्यातली रोज लागणारी एकच असते. आणि मोजणार असाल तर शब्द पूर्ण जुळवा, नाहीतर जावा शोधलं की जावास्क्रिप्टच्या सगळ्या जाहिराती त्यात येतील. असे चुकलेले तक्ते मी पाहिलेत.

आमच्याकडे नवीन मुलं घेतली ती कोबोल येणारी कधीच नव्हती. शिकवलं की सहा महिन्यांत लिहायला लागायची. भाषा नव्हे, तो व्यवसाय कळायला वर्षं लागायची.


अर्धविराम:

काका, हे शेवटचं वाक्य मी मीटिंगमध्ये सांगणार आहे तुमची परवानगी असेल तर.

भिंगरीताई, यादी करायला घेतली. पंधराएक गोष्टी लागतायत असं दिसतंय आणि गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्या डेटाबेसच्याच आहेत, म्हणजे ज्या एसक्यूएलवरून आमच्यात भांडण झालं ते कुठलीही भाषा घेतली तरी लिहावंच लागणार आहे. आता पायथन आणि जावा अशा दोनच भाषांवर आलोय, टाइपस्क्रिप्टवाला सहकारी अजून नाराज आहे पण त्याला सांगितलंय की जुन्या डेटाबेसला जोडायची सांभाळली जाणारी लायब्ररी दाखव, मग तिसरा रकाना वाढवू.

एक शेवटचं विचारते. लायब्ररी जिवंत आहे का हे शेवटच्या कमिटच्या तारखेवरून ठरवलं तर चालेल का?


भिंगरी:

एकटी तारीख नको. आजकाल बऱ्याच ठिकाणी डिपेंडेंसीची, म्हणजे ती लायब्ररी ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या पॅकेजची, आवृत्ती वाढवायचे कमिट बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) करतो, त्यामुळे वर्षभर माणूस फिरकलेला नसला तरी शेवटचा कमिट कालचा दिसतो. बॉटचे कमिट गाळा आणि मग बघा. उलट काही छोट्या लायब्ररी पूर्ण झालेल्या असतात, दोन वर्षं काही बदललं नाही कारण बदलायची गरजच नव्हती, तिथे बग उघडे किती पडलेत आणि त्यावर कोणी बोललंय का ते वाचा. आणि सहकाऱ्याच्या तिसऱ्या रकान्यालाही हेच निकष लावा, वेगळे नको.